नववीत मोडणाऱ्या जोड्या

फुगडी घालताना हात कुठे धरायचा हे कोकणातल्या मुलीला शिकवावं लागत नाही. बोटांत बोटं अडकवली की घामाने सुटतात, म्हणून एकमेकींची मनगटं धरायची, पावलं जुळवायची आणि अंग मागे टाकायचं. मागे रेलायला भ्यालं की फुगडी फिरतच नाही, नुसते पाय आपटत राहतात. समोरचीने धरलंय या भरवशावर दोघी मागे जातात तेव्हा कुठे ती वेग धरते. गौरीगणपतीत आमच्या रत्नागिरीकडच्या कुठल्याही वाडीत रात्री जाऊन बघा, साठीच्या काकू आणि सहावीतली मुलगी सारख्याच बिनधास्त मागे रेललेल्या दिसतील.

फिगर स्केटिंगमध्ये जोडीचा जो प्रकार असतो त्यात ‘डेथ स्पायरल’ नावाची एक गिरकी आहे. मुलगा एका जागी पाय रोवून, गुडघ्यात वाकून फिरतो. मुलगी त्याच्या एका हाताच्या आधाराने जवळजवळ आडवी होते आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढते. तिचं डोकं इतकं खाली जातं की केस बर्फाला लागतात. तिथेही मनगटाचीच पकड चालते, आणि तिथेही रेलायला भ्यालं की सगळं फसतं. जिल्ह्यातल्या एका शाळेत 22 वर्षं क्रीडाशिक्षिका असताना मी ही पकड चाकांच्या स्केट्सवर कितीतरी मुलांना शिकवली. मुलीने मुलीचं मनगट धरलं तोवर सगळे कौतुकाने बघत होते. मुलाने मुलीचं धरलं, आणि तीही वयात येत असलेली मुलगी, तेव्हा मैदानाच्या कुंपणाशी लोक थांबायला लागले.

मुलगा आणि मुलगी मिळून जे खेळ खेळतात त्यांतल्या जोड्या आपण नववीच्या उंबरठ्यावर मोडतो. कुणी आदेश काढत नाही, कुठे लिहिलेलं नसतं. तो घरच्यांचा प्रश्न आहे, असं म्हणून शाळा बाजूला होते, संघटना बाजूला होते, नगरपरिषदेला तर असा काही प्रश्न आहे हेच माहीत नसतं. मग घर जे करायचं तेच करतं. माझं म्हणणं असं आहे की हा घरचा प्रश्न नाही. ती जोडी सुरक्षितपणे खेळत राहील अशी जागा आणि अशी माणसं देणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे, आणि ती आपण झटकली आहे.

कोकणात बर्फ कुठे, हा प्रश्न लगेच येतो. बर्फ नाहीच. देशातही फारसा नाही. देहरादूनचं हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं आणि नंतर कित्येक वर्षं ते बंदच होतं. पण हाच खेळ चाकांवरही आहे, आर्टिस्टिक रोलर स्केटिंग म्हणून. चार चाकांचा बूट, पुढे रबरी स्टॉपर, आणि त्यातही जोडीचे लिफ्ट (मुलाने मुलीला उचलून धरणं), जोडीच्या गिरक्या, फेकून घेतलेल्या उड्या, सगळं आहे. 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये रोलर स्पोर्ट्स पहिल्यांदाच आले आणि तिथे अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाळ या आपल्या जोडीने कांस्यपदक मिळवलं. अनुपकुमारने पुरुषांच्या एकेरीतही कांस्य मिळवलं आणि पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. भारताच्या एका मुला-मुलीच्या जोडीने स्केट्सवर एशियाडचं पदक आणलंय, ही गोष्ट मी पालकसभेत सांगते तेव्हा लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी ती रचून सांगतेय.

आमचं रिंक म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टापेक्षा थोडं मोठं सिमेंटचं अंगण. कडेला जांभ्याची गडगी. वारा सुटला की तांबडी धूळ कोबावर येते आणि चाकाखाली वाळूसारखी करकरते, म्हणून रोज आधी झाडू, मग ओलं फडकं, मग स्केट्स. समुद्र जवळ, हवा खारी. बेअरिंग आठ दिवस तसंच ठेवलं तर गंजून अडकतं. मुलं रविवारी पत्र्याच्या डब्यात डिझेल घेऊन एकेक बेअरिंग धूत बसायची आणि जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसायची. जून ते सप्टेंबर अंगणात शेवाळ. ब्लीचिंग पावडर टाकून घासलं तरी दोन दिवसांत पुन्हा हिरवं. चार महिने आम्ही एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सराव करायचो, पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून. लिफ्ट आधी अनवाणी, ज्युदोच्या मॅटवर, मग बूट घालून मॅटच्या कडेला, आणि मग कुठे मोकळ्या फरशीवर. एक साधा कंबरेपर्यंतचा लिफ्ट बसायला आमच्या जोडीला सात महिने लागले. सिमेंटवर पडणं बर्फावर पडण्यासारखं नसतं. बर्फावर माणूस घसरत जातो, सिमेंटवर आहे तिथेच आपटतो.

हे सात महिने मी मुद्दाम सांगते आहे. एकेरी खेळाडू प्रशिक्षक बदलतो, गाव बदलतो, वर्षभर थांबून परत येतो, आणि त्याचं कौशल्य त्याच्या अंगात त्याच्याबरोबर फिरतं. जोडीचं तसं नाही. तो नेमका किती वेगाने येतो, ती उडी घ्यायच्या आधी श्वास कधी घेते, तिच्या डाव्या खांद्याला ताण आला की पकड किती सैल करायची, हे सगळं दोघांच्या मध्ये साठलेलं असतं. जोडी मोडली की दोघांपैकी कुणालाच ते बरोबर नेता येत नाही. नव्या जोडीदाराबरोबर पहिल्या इयत्तेपासून सुरुवात.

जगातल्या मोठ्या जोड्यांची कारकीर्द बघितली की हे लख्ख दिसतं. चीनमध्ये हार्बिन शहरात शेन श्युए आणि झाओ होंगबो यांची जोडी 1992 मध्ये लावली गेली. ती तेव्हा जेमतेम 13 वर्षांची होती, तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. त्यांचे प्रशिक्षक याओ बिन स्वतः 1980 च्या डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत जोडीने उतरले होते आणि शेवटचे आले होते. प्रेक्षक हसले होते. खेळ शिकवायला कुणी नव्हतं, परदेशी जोड्यांचे फोटो बघून त्यांनी तो शिकून घेतला होता. अशा माणसाने ही दोन मुलं घेतली आणि धरून ठेवली. 2002 मध्ये ऑलिंपिक कांस्य, त्याच वर्षी जागतिक विजेतेपद. 2005 मध्ये झाओच्या घोट्यामागची शीर तुटली, तरी 2006 ला तुरिनमध्ये पुन्हा कांस्य. 2007 नंतर ते थांबले, आणि परत येऊन 2010 मध्ये व्हँकुव्हरला सुवर्ण. तो 36 वर्षांचा होता, ती 31 ची. 1964 पासून सलग 12 ऑलिंपिकमध्ये जोडीचं सुवर्ण सोव्हिएत आणि नंतर रशियन जोड्यांकडेच जात आलं होतं (2002 मध्ये परीक्षणाच्या वादामुळे कॅनडाच्या जोडीलाही दुसरं सुवर्ण द्यावं लागलं, तेवढा एक अपवाद). ती साखळी तुटायला 18 वर्षांची एक न मोडलेली जोडी लागली.

13 व्या वर्षी त्यांची जोडी लागली. 13-14 म्हणजे आपल्याकडची आठवी-नववी. जिथे त्यांनी सुरुवात केली त्याच वयात आपण संपवतो.

आणि जगाचा कल आता आणखी उलट दिशेला आहे. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 वर नेली. त्यांना वाटतं की 15 वर्षांचं मूल या ताणासाठी लहान आहे. आपल्याला वाटतं की 14 व्या वर्षी मुलगी खेळायला मोठी झाली. कॅनडाकडून खेळणारी डिॲना स्टेलाटो-डुडेक तर 17 व्या वर्षी दुखापतींमुळे खेळ सोडून गेली होती. 16 वर्षांनी ती परत आली, जोडीच्या प्रकारात उतरली, आणि 2024 मध्ये मॉन्ट्रियलला मॅक्सिम देशाँ या जोडीदाराबरोबर जागतिक विजेती झाली. तेव्हा ती 40 वर्षांची होती. माझ्याकडे येणाऱ्या आया बहुतेक तिशी-पस्तिशीच्या असतात. त्यांना मी हे सांगते तेव्हा त्या मुलीकडे बघत नाहीत, स्वतःच्या हातांकडे बघतात.

जोडी कागदानेही मोडते, आणि तेव्हा व्यवस्था लक्ष घालते की नाही यावर सगळं ठरतं. जपानच्या नारुमी ताकाहाशीने कॅनडाच्या मर्विन ट्रानबरोबर 2012 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. जपानला जोडीतलं ते पहिलंच जागतिक पदक. पण ऑलिंपिकला दोघांकडेही त्या देशाचं नागरिकत्व लागतं, ट्रानला ते मिळण्याची चिन्हं नव्हती, आणि काही महिन्यांत ती जोडी फुटली. उलट जर्मनीत आलिओना सावचेंको आणि ब्रुनो मास्सो. ती मूळची युक्रेनची, तो फ्रान्सचा. त्याची फ्रान्सकडून सुटका, मग नागरिकत्वाची जर्मन भाषेसह परीक्षा, हे सगळं पार पडलं आणि 2018 ला प्योंगचांगमध्ये, पहिल्या फेरीनंतर चौथ्या जागेवरून, त्यांनी सुवर्ण खेचून आणलं. तिचं ते पाचवं ऑलिंपिक होतं. एक सांगून ठेवते, कारण हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत येतो : त्या दोघांचे संसार वेगळे होते. शेन आणि झाओ यांनी लग्न केलं, पुष्कळ जोड्या करत नाहीत. मिश्र दुहेरीत खेळणाऱ्या बॅडमिंटनपटूंच्या लग्नाची चौकशी आपण करत नाही, मग इथेच का?

जपानची गोष्ट पुढे छान झाली, ती सांगायलाच हवी. ताकाहाशीची जोडी फुटल्यावर तिला र्‍युइची किहारा हा एकेरीतला मुलगा जोडीदार म्हणून मिळाला. एकेरीत तो फार पुढे नव्हता. एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जात, दुखापती झेलत, मधल्या काळात तो आइस रिंकवर अर्धवेळ नोकरी करत होता. 2019 मध्ये नऊ वर्षांनी लहान असलेल्या रिकु मिउराबरोबर त्याची जोडी लागली, दोघं कॅनडात सरावाला गेले, आणि 2023 ला सैतामामध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर जागतिक विजेते झाले. जोडीत जागतिक विजेतेपद मिळवणारी जपानची ती पहिली जोडी.

आता माझ्या जोडीबद्दल लिहायला हवं. नावं लिहीत नाही, दोघंही आता आपापल्या संसाराला लागलेत.

ती पाचवीत, तो सहावीत असताना मी त्यांना एकत्र उभं केलं. ती हलकी आणि निडर, त्याच्या पायांत ताकद आणि स्वभावात कमालीचा धीर. तिसऱ्या वर्षी ती दोघं राज्य पातळीवर जाऊन आली. जाताना रात्रीची कोकणकन्या, ठाण्याला उतरून पुढे पुणे, बरोबर तिची आई आणि मी. ती नववीत गेल्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही दोन मिनिटांचा कार्यक्रम ठेवला. लिफ्ट छान झाला. त्या लिफ्टचा एक फोटो कुणीतरी काढला, आणि तो जिथे जायला नको होता तिथे जाऊन पोचला. खाली काय काय लिहिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवड्याभरात तिचा मामा मुंबईहून आला.

शाळेत बैठक झाली. सात-आठ मोठी माणसं, दोन्ही घरची मंडळी, आणि मी. मुलांना बाहेर बसवलं होतं. एकाने विचारलं, ‘मुलीची मुलीशीच जोडी लावा ना, बाई, काय बिघडतं?’ जोडीच्या प्रकारात एक मुलगा आणि एक मुलगीच असते, नियमच तसा आहे, हे मी सांगितलं. त्यापुढे मात्र मी गप्प बसले. या मुलांनी चार वर्षं घाम गाळलाय, दोघांचं वागणं मी रोज डोळ्यांनी बघते आहे, चूक फोटो पसरवणाऱ्याची आहे, त्याला बोलवा, असं मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. प्रकरण वाढेल, मुलीचंच नाव आणखी होईल, असं मी स्वतःला समजावलं. फोटो पसरवणाऱ्याचं पुढे काहीही झालं नाही. शिक्षा झाली ती खेळणाऱ्यांना, आणि ती देताना मी तिथे बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिने स्केट्सची बेअरिंगं काढून धुतली, पुसून परत बसवली, आणि बूट पिशवीत घालून माझ्या टेबलावर ठेवले. स्केट्स शाळेचे होते. तो मात्र पुढे पंधरा-वीस दिवस येत राहिला. अंगणाच्या कडेला बॅडमिंटनचा लोखंडी खांब होता. एका हाताने तो खांब धरून तो त्याच्याभोवती गिरकीचा सराव करायचा. खांबाला कसली मनगटं. मग तोही यायचा बंद झाला. मुलीसाठी निदान एकेरीचा रस्ता तरी असतो, तिचं नाव तरी आपण घेतो. जोडीसाठी तयार झालेल्या मुलाबद्दल कुणी विचारतही नाही. त्याच्या घरच्यांनी तर त्यालाच दोषी धरलं होतं.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. खेळात मुलींना त्रास देणारी माणसं आहेत, आणि बहुतेक वेळा तो त्रास बरोबरीच्या मुलाकडून नव्हे, मोठ्या माणसाकडून होतो, बंद खोलीत होतो. शरीराचा धोकाही खरा आहे. रशियाच्या येलेना बेरेझ्नायाला 1996 मध्ये रिगा इथे सरावात, शेजारी गिरकी घेणाऱ्या जोडीदाराच्या बुटाचं पातं डोक्यात लागलं. कवटी फुटली. तिला बोलायला, चालायला नव्याने शिकावं लागलं. नव्या जोडीदाराबरोबर, अंतोन सिखारुलिद्झेबरोबर, ती 1998 ला ऑलिंपिक रौप्य आणि 2002 ला सुवर्ण घेऊन आली हे खरं, पण कुठल्याही आईने पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसरं ऐकायच्या आधीच मुलीचा हात धरून तिला घरी न्यावं, यात मला काहीच गैर वाटत नाही. म्हणूनच म्हणते की उत्तर घरावर सोडू नका. एकटं घर फक्त ‘बंद करा’ एवढंच म्हणू शकतं, त्याच्या हातात दुसरं काही नसतं.

सुरक्षित सराव कसा असतो हे मला माहीत आहे, कारण त्या बैठकीनंतर दोन वर्षांनी मी पुन्हा जोड्या सुरू केल्या तेव्हा तो तसाच चालवला. मैदान रस्त्यावरून दिसणारं. सरावाच्या वेळी पालकांपैकी एक तरी बाकावर हजर, आळीपाळीने. माझ्याबरोबर दुसरी एक बाई, कारण मी एकटी सगळीकडे बघू शकत नाही. कुठलाही नवा लिफ्ट शिकवण्याआधी दोघांनाही सांगायचं की हात कुठे येणार आणि का. ‘थांब’ हा शब्द दोघांपैकी कुणीही म्हटला की जागच्या जागी सोडायचं, कारण नंतर विचारायचं. मुलगी मुलाला हे न लाजता सांगायला शिकते, आणि मुलगा ते ऐकायला शिकतो. वयात येणाऱ्या मुलाला स्पर्शातली मर्यादा शिकवण्याची याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. वर्गात फळ्यावर लिहून ती येत नाही. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती समिती मैदानावर येते का, खेळाडू मुलींना तिच्यातल्या बाईंची ओळख तरी असते का, हे आपापल्या तालुक्यात प्रत्येकाने विचारून बघावं.

‘आपल्यात हे चालत नाही’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. आपल्यात काय चालतं ते आधी नीट बघू या. जुलैत भातलावणीच्या वेळी पोटरीभर चिखलात बाया आणि बुवे एकाच कुणग्यात वाकून उभे असतात, वरून पाऊस कोसळत असतो, तरव्याच्या मुठी एकमेकांच्या हातात जात असतात, आणि कुणाच्या मनात काही येत नाही. काम आहे, म्हणून. हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर होडीतली टोपली त्याच्या हातून तिच्या डोक्यावर जाते. तोही एक लिफ्टच आहे, आणि तो चुकला तर दिवसाची कमाई पाण्यात. शिमग्यात पालखी नाचवताना पुढचा आणि मागचा गडी एकमेकांकडे न बघता खांदा बदलतात, पालखी डोक्यावर घेतात, तसाच भरवसा तिथेही. दशावतारात वर्षानुवर्षं पुरुषच लक्ष्मी झाला, आणि त्या लक्ष्मीपुढे आपण हात जोडले. भरवसा, पकड, तोल, सगळं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. फक्त ते एकतर कामात आहे, नाहीतर बाईचं बाईशी आणि पुरुषाचं पुरुषाशी. मुलगा आणि मुलगी दोघं मिळून निव्वळ खेळासाठी ते करतील एवढंच आपल्याला अजून पचत नाही. कामाला जे माफ आहे ते खेळाला का माफ नसावं?

दहावीचं वर्ष हे दुसरं कारण. त्याला माझी सहानुभूती आहे, कारण या पट्ट्यात शिकून नोकरीला लागण्याशिवाय फारसा मार्ग नाही, आंब्याचं पीक दर वर्षी फसवतं. पण खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. ते सगळं एकेका खेळाडूच्या हिशोबाने चालतं. वसतिगृहात निवड झाली तर एकाची होते, शिष्यवृत्ती एकाला मिळते, दुसरा गावात राहतो. जोडीतल्या एकाला पुण्याला नेलं आणि दुसऱ्याला रत्नागिरीत ठेवलं तर शासनाने एक खेळाडू घडवला नाही, दोन घालवले. जोडीच्या प्रकारांत निवड, शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय जोडीची म्हणून एकत्र व्हावी, यात खर्चही मोठा नाही. निदान संघटनांनी हा एक ठराव तरी करावा.

आणि नगरपरिषदेकडे मागणं आहे ते अगदी साधं. पावसाळ्यात सकाळी साडेपाच ते सात छपराखालची एक सपाट जागा. मी हे लेखी मागितलं आहे, एकदा नाही, तीनदा. एकदा तर तोंडी उत्तर मिळालं की लहान मुलांच्या स्केटिंगला देऊ, ‘ते जोड्यांचं’ नको. त्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन काय करू? त्याच्या जागी दुसरा असता तरी बहुधा हेच म्हणाला असता. म्हणून तर हे इथे लिहिते आहे.

सध्या माझ्याकडे पाचवी-सहावीतली दोन जोड्यांची मुलं आहेत. निवृत्त झाल्यावरही मी सकाळी जाते. त्यांच्या घरच्यांना मी पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं की नववीत गेल्यावर काढणार असाल तर आत्ताच काढा, चार वर्षं घालवून मग नको. एका मुलाच्या वडिलांनी विचार करतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले. एक मुलगी आली नाही. दुसऱ्या मुलीची आई मासळी विकते, तिला पाचला बंदरावर जायचं असतं, तरी आठवड्यातून दोनदा ती सरावाच्या वेळी तिथून धावत येऊन बाकावर बसते. तिने मला विचारलं, ‘बाई, ही नववीत जाईल तेव्हा कोणी काय बोललं, तर तुम्ही बोलाल?’

बोलेन, असं मी तिला सांगितलं आहे. जी मुलगी आली नाही तिचा जोडीदार आता मोकळा आहे, तिच्या जागी दुसरी मुलगी शोधते आहे. वय 10-11, रत्नागिरी शहर किंवा जवळपास. फुगडी येत असली तर उत्तम.